चपलाची हुरहूर

खूप वर्षांपूर्वी यंत्रांच्या एका थंडगार कोठीत चपला नावाची स्मृती राहायची. तिच्याजवळच्या प्रत्येक वस्तूला एक किल्ली होती; कुणी किल्लीचं नाव घेऊन हाक मारताच ती त्या किल्लीची वस्तू काढून देई, पण वीज गेली की सारं विसरे. वीज परत येऊन उजेड झाल्यावर कुणाला तरी आपणहून ओळखावं, एवढीच तिला हुरहूर होती. विसरण्याच्या भीतीने प्रत्येक नवी वस्तू ती आधी दूरच्या, संथ चकतीआजोबांकडे नोंदवून येई; वीज गेली तरी त्यांच्या फिरत्या तबकडीवर सारं कोरलेलं राही.

एकदा शेजारी ध्रुवा नावाची दुसरी स्मृती राहायला आली. ती चपलापेक्षा जराशी सावकाश होती, पण अंधारातही काही विसरत नसे.

"अगं, मी उशाशी असताना तिकडे कशाला तंगडतोड करतेस?" तिने चिडवलं.

चपलाने भीतभीत सगळ्या वस्तू तिला सोपवल्या. तेवढ्यात वीज गेली.

उजेड येताच ध्रुवाने एकूणएक वस्तू परत दिली.

"बाई, आपण कोण?" चपलाने विचारलं.

"तुझी मैत्रीण."

"असाल. पण हे मला आतून आठवायला हवं होतं हो," चपला हळहळली आणि पुढच्या हाकेला धावली.