भिवरा पाथरवटीण आणि पालथा पाटा

मोरदऱ्यात गिरणी आलेली नव्हती आणि वाटणाचा आवाज कोंबड्याच्या आधी उठायचा, त्या काळातली ही गोष्ट. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली, त्यांच्या नातवंडांची नातवंडंसुद्धा आता म्हातारी झाली आहेत.

तेव्हा भिवरा नावाची एक पाथरवटीण होती. ती मूळची कोणत्या गावची, हे कुणाला माहीत नव्हतं. तिचा नवरा खाणीत दगडाखाली गेला आणि त्याची हातोडी आणि टाकी तिनं उचलली, एवढंच लोक सांगायचे. टाकी म्हणजे पोलादाची अणकुचीदार छिन्नी. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्यावर मिरची वाटली जात नाही, नुसती सरकते. मग पाथरवटीण येते आणि टाकीनं पाट्यावर बारीक बारीक खळगे पाडते. भिवरा वर्षातून एकदा, होळीच्या आधी, मोरदऱ्यात यायची. "टाकी लावा, टाकी," असं ओरडत आळीतून फिरायची आणि बायका तिला सुपातून दाणे घालायच्या.

भिवराला दगड कळायचा. ती दगडावर हातोडी हळूच आपटायची, मान कलती करून ऐकायची आणि सांगायची, याला आतून चीर आहे, पुढचा पावसाळा हा काढणार नाही. आणि तो दगड फुटायचाच. पण ती कधी कुठल्या दगडाला हात लावायची नाही. दगडाला लागायचं ते तिचं लोखंड. भर दुपारी, चिटपाखरू नसताना, ती कड्यासमोर एकटी बसायची आणि कडा तिच्याशी बोलायचा, असं म्हणतात.

त्याच गावात रखमाजी माळ्याचं घर होतं. घरात तो, त्याची आई चिमाबाई, बायको मथुरा आणि दीड वर्षाचं लेकरू. मथुरा लग्न होऊन आली त्याला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षं तिचं डोकं दुखत होतं. कपाळ नाही, कानशिलं नाहीत. मागून, मानेच्या वर, जिथं अंबाड्याची गाठ येते तिथं. वाटायला बसली की सुरू व्हायचं. सुंठ उगाळून झाली, राईचा लेप झाला, भगताचा अंगारा झाला. कशानं काही झालं नाही. पुढं पुढं तर त्या जागेवरचे केस पांढरे झाले, एवढ्या तरण्या वयात, रुपयाएवढ्या जागेत.

तालुक्याला तेव्हा एक डॉक्टर नवा आला होता. रखमाजीनं गाडी जुंपली आणि तिला घेऊन गेला. डॉक्टरनं तिचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, छातीला नळी लावली. मग तो रखमाजीकडे वळून म्हणाला, "कधी दुखतं?"

"वाटायला बसली की."

"आणि उठली की?"

"उठली की थांबतं हळूहळू."

डॉक्टर हसला. "मग औषध कशाला मागता? कामाचा कंटाळा आहे. हिला काही झालेलं नाही."

मथुरा म्हणाली, "साहेब, इथं मागं दुखतं. टोचल्यासारखं होतं." पण तोवर डॉक्टरनं पाठ फिरवली होती आणि पुढचा माणूस आत आला होता.

रखमाजीनं गाडी परत फिरवली. ती गोष्ट गावात त्यांच्या आधी पोचली. पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, "मथुरे, आमच्या घरी पण सांग की गं, गाडीतून मिरवून आणा म्हणावं. आम्हालाही कंटाळा आलाय." चिमाबाई तर रोज ऐकवायची. "आमची डोकी दुखली नाहीत का? आम्ही कुठं गेलो नळ्या लावून घ्यायला? कामाला बसलं की दुखतं आणि उठलं की थांबतं, असलं दुखणं मीसुद्धा घेईन."

मग एके दिवशी तिनं मुलाला सांगितलं, "होळी झाली की हिला माहेरी पोचती कर. लेकरू इथं राहील. नांदणारी दुसरी बघू."

रखमाजी खाली मान घालून बसला. नाही म्हणाला नाही.

तेव्हापासून मथुरानं कुणासमोर तोंडातून हूं काढलं नाही. दातांत पदर धरून ती वाटायची. होळीला नऊ दिवस राहिले होते, आणि पाटा गुळगुळीत झाला होता, म्हणून चिमाबाईनं भिवराला हाक मारली.

त्या घरचा पाटा मोठा होता. उचलून ठेवायचा नव्हता, तर स्वयंपाकघराच्या जमिनीत अर्धा पुरून बसवलेला होता. भिवरा त्याच्यापुढं बसली आणि टाकी लावू लागली. मथुरा लेकराला घेऊन गोठ्यात होती. भिवरानं हातोडी मारली आणि गोठ्यातून कण्हल्याचा आवाज आला. दुसरी मारली, पुन्हा आला. भिवरानं हातोडी वरच धरली. आवाज थांबला. बराच वेळ तिनं हातोडी तशीच धरून ठेवली, आणि बराच वेळ गोठ्यात शांत होतं. मग तिनं अगदी हलका एक घाव घातला. गोठ्यात लेकरू रडायला लागलं, कारण आईनं त्याला एकदम घट्ट आवळलं होतं.

भिवरा उठून गोठ्यात गेली. "कुठं दुखतं गं?"

मथुरानं पाठ फिरवली आणि केस बाजूला केले.

"कसं दुखतं?"

"टाकी लावल्यासारखं," मथुरा म्हणाली आणि घाबरून तिनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. "तुमच्या कामाला नावं ठेवत नाही, मावशी."

भिवरा घरात परतली. ती चिमाबाईपुढं जाऊन उभी राहिली. "उद्या सकाळी सुनेला नदीवर पाठवा. मी इथं टाकी लावीन. दुखलं की तिनं पदराला गाठ मारायची. मी घाव किती घातले ते तुम्ही इथं बसून मोजा."

"बाई, तुम्ही दगडाचं बघा," चिमाबाई म्हणाली. "माणसाचं डॉक्टरनं बघितलंय."

"डॉक्टरनं दगड कुठं बघितला?" भिवरा म्हणाली.

नदी गावापासून अर्ध्या कोसावर होती. मध्ये टेकाड होतं. तिकडं हातोडीच काय, देवळातली घंटासुद्धा ऐकू जायची नाही. बायको लबाडी करील म्हणून रखमाजी सोबत गेला आणि एका खडकावर तंबाखू मळत बसला. इकडं भिवरानं सहा घाव घातले, एकामागून एक. मग हातोडी खाली ठेवली. चिमाबाईनं विचारलं, "झालं का?" भिवरानं नाही म्हणून मान हलवली. ऊन उंबऱ्यावरून आत आलं, चुलीपर्यंत पोचलं. तेव्हा भिवरानं सातवा घाव घातला.

दुपारी दोघं परत आली. मथुराच्या पदराला सात गाठी होत्या.

"सहा लागोपाठ मारल्या तिनं," रखमाजी म्हणाला. "मग काहीच नाही. मी म्हटलं, चला उठू आता. तेवढ्यात ती मटकन खाली बसली."

भिवरानं पहार मागितली. रखमाजीनं पाट्याच्या चारी बाजूंनी माती उकरली आणि जोर लावून पाटा उलटा केला.

खालच्या बाजूला चेहरा होता.

बाईचा चेहरा, कोरलेला. कुणाचा, कुठल्या काळातला, ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. नाकात, ओठांत, डोळ्यांच्या खाचांत माती भरली होती. वरच्या दगडाला उन्हाळ्याची धग होती, पण ते गाल ओले होते, असं म्हणतात. इतकी वर्षं ती मातीत तोंड खुपसून पडली होती आणि तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूवर घरानं मिरच्या वाटल्या होत्या.

चिमाबाई भिंतीला टेकून खाली बसली. हळूहळू बोलू लागली. हा दगड तिच्या सासऱ्यानं आणला होता, घर बांधलं तेव्हा, नदीच्या पात्रातून. मागून सपाट होता, पाट्याला चांगला होता. चेहरा त्यानं पाहिला होता. पण देवाचं तोंड पायाखाली यायला नको, कुणाची लाथ लागायला नको, म्हणून मोठ्या भक्तिभावानं त्यानं ते पालथं घातलं आणि वर हळदकुंकू वाहिलं.

"आणि तुमचं डोकं?" भिवरानं विचारलं.

"वीस वर्षं दुखलं," चिमाबाई म्हणाली. "ही घरात आली, वाटायला बसली, त्या दिवशी थांबलं. मला वाटलं, वय झालं म्हणून थांबलं असेल."

"कुणाला सांगितलं नाही?"

"मला कुणी विचारलं?"

रखमाजी आईकडं बघत राहिला. मग गोठ्यात जाऊन बैलांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

भिवरानं दगडाची मागची बाजू पाहिली. खळग्यांवर खळगे होते, मुंग्यांच्या वारुळासारखे. त्यातला प्रत्येक तिनं पाडलेला होता. दर वर्षी, होळीच्या आधी, पदरात दाणे घेऊन. मथुरा कितीदा म्हणाली, "मावशी, तुम्हाला काय ठाऊक होतं?" पण भिवरा नजरेनं एकेक खळगा मोजत राहिली.

दगड गाडीत घालून वेशीबाहेर नेला आणि बाभळीखाली उभा केला. नाकाओठांतली माती चिमाबाईनं स्वतः काडीनं काढली, डोळ्यांना काडी लावायला मात्र ती धजली नाही. तरी मथुराचं दुखणं पुरतं गेलं नाही. वाटण थांबलं होतं, नवा पाटा आला होता, पण मागं एक ठणका राहिलाच. होळीला सात दिवस होते, आणि घरात अजून कुणी म्हणालं नव्हतं की तू राहा.

तेव्हा भिवरा दगडाच्या पाठीमागं जाऊन बसली. हातोडी आणि टाकी बाजूला ठेवली. ओली वाळू घेतली आणि जन्मात पहिल्यांदा दगडाला हात लावला. ती तळहातानं खळगे घासू लागली.

त्याच घटकेला घरी चूल फुंकणारी मथुरा थांबली आणि तिनं वर पाहिलं. ठणका गेला होता. आणि वेशीबाहेर भिवरानं दुसरा हात आपल्या मानेच्या वर नेऊन दाबून धरला.

भिवरा रोज घासायची. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. गावातले लोक लांबून बघायचे. खळगे एक एक करून बुजत होते आणि भिवराचे केस पांढरे होत होते. आधी मागं, मग सगळे. रोज दुपारी मथुरा भाकरी घेऊन जायची.

"पुरे आता, मावशी. मला बरं वाटतंय."

"अजून दोन बोटं जागा राहिलीय," भिवरा म्हणायची.

"तुम्हाला दुखतं?"

"दुखतं," भिवरा सांगायची. "तू विचारलंस की जरा कमी होतं."

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी चिमाबाईनं लेकरू उचललं, मथुराच्या मांडीवर ठेवलं आणि पुरणाची डाळ निवडायला बसली. रखमाजी म्हणाला, "गाडी जुंपायची नाही." एवढंच म्हणाला. माहेरचं नाव त्या घरात पुन्हा कधी तसं निघालं नाही.

ते सांगायला मथुरा भर दुपारी वेशीबाहेर धावत गेली. बाभळीखाली भिवरा नव्हती. वाळू ओली होती. हातोडी आणि टाकी तिथंच पडली होती. येतानाची पावलं धुळीत होती, जातानाची नव्हती. दगडाची पाठ पाण्यासारखी गुळगुळीत झाली होती, आणि बरोबर मधोमध एका तळहाताचा ठसा होता, बोटंबोटं दिसावीत असा, आत रुतलेला. मथुरानं त्यावर हात ठेवला. तो ऊबदार होता.

मग ती पुढं येऊन उभी राहिली. दगडातल्या बाईचे डोळे उघडे होते. काहीजण म्हणतात, ते आधी मिटलेले होते. काहीजण म्हणतात, ते पहिल्यापासून उघडेच होते, फक्त त्यात माती भरली होती. मला यातलं कोणतं जास्त भीतीचं, ते ठरवता येत नाही.

भिवराला पुन्हा कुणी कुठल्या गावात पाहिलं नाही. पण होळीच्या दिवसांत, भर दुपारी, डोंगराच्या कड्यातून हातानं काहीतरी घासल्याचा आवाज येतो, असं म्हणतात.

मोरदऱ्यात आता गिरणी आहे, दवाखाना आहे, घरोघर मिक्सर आहेत. तरी नवा दगड घरात आणायचा तर तो आधी वेशीत चार माणसांसमोर उलटा करून बघतात, मग तो पाट्याचा असो, पायरीचा असो की मोरीचा. होळीच्या आदल्या दिवसाला गावात भिवरादिवस म्हणतात. त्या दिवशी कुणी वाटत नाही, कुटत नाही, मिक्सरसुद्धा लावत नाही. पाटे भिंतीला उभे करून ठेवतात. आणि दुपारी जेवणं झाली की घरातलं मोठं माणूस घरातल्या प्रत्येकाला समोर बसवून विचारतं, "कुठं दुखतं?" सासू सुनेला विचारते, सून सासूला. जे कळेल त्याचं औषधपाणी दुसऱ्या दिवसापासून बघतात.

पहिल्यांदा विचारल्यावर कुणी "काही नाही" म्हणालं, तर दुसऱ्यांदा विचारतात. तिसऱ्यांदा विचारायची वेळ मात्र कुणी येऊ देत नाही. दुसऱ्या खेपेलाच माणसं खरं काय ते सांगून टाकतात. कारण तिसऱ्यांदा विचारलं, तर उत्तर भिंतीकडून येतं, पाटा उभा केलेला असतो तिथून, असं म्हणतात.