टाक्याच्या वाटेवरची आडकाठी

टाक्याच्या वाटेवरची ही काठी फेकून दिली तरी सकाळी परत इथेच आडवी असते, हे मी सतरा जणांना सांगितलं. एकालाही पटलं नाही. मास्तर म्हणाले, गुराख्यांचा चाळा असेल. गुराखी उरलेत कुठे गावात? तुम्ही एवढा डोंगर चढून आलात, तर डोळ्यांनी बघा. ओलांडू मात्र नका. आधी ऐका.

हिरडेवाडीत पूर्वी एक नेम होता म्हणे. मरीआईची साथ आली की वाटेवर कडुलिंबाची काठी आडवी ठेवायची, हळदकुंकू लावून. नऊ दिवस ती वाट देवीची. माणसाने पाऊल टाकायचं नाही. आणि काठी कुणी ठेवली, हे विचारायचं नाही. विचारलं की देवी कोपते.

एका दुष्काळात पाणी राहिलं ते या टाक्यात तेवढं. ऐन चैत्रात वाटेवर काठी दिसली. गाव मुकाट मागे फिरलं आणि नदीत झिरे खणत बसलं.

भिवरा नावाच्या बाईची लेक तापाने फणफणली होती, पाणी पाणी करत होती. भिवराने चावडीवर सांगितलं, काठी ठेवणारा हात मी बघितलाय, तोंड झुडपाआड होतं, पण हात माणसाचा होता. बायाच हसल्या तिला.

"देवीला दिसलं नाही ते तुला दिसलं होय गं?"

कारभारी सगळ्यांत मोठ्याने हसला. नवव्या दिवशी त्याच्या घरी लेकीचं लग्न होतं. हात कुणाचा, एवढं विचारायला गावात एकाची जीभ उचलली नाही.

भर दुपारी भिवरा हंडा घेऊन काठी ओलांडून गेली. ती आली नाही. तिन्हीसांजेला हंडा आला. उंबऱ्यात, काठोकाठ भरलेला, आणि अंगणाच्या धुळीत पाऊल एक नाही. लेक ते पाणी प्याली आणि वाचली, असं सांगतात.

दुसऱ्या दिवसापासून काठी गावात हिंडू लागली. एकेका दारात आडवी. आतल्या माणसांचे पाय उंबऱ्याशी जड व्हायचे, उचलायचेच नाहीत. एका म्हातारीने भीतभीत विचारलं, "हात कुणाचा?" तशी काठी तिथून गेली, शेजारच्या दारात. मग प्रत्येक घराला विचारावंच लागलं.

नवव्या दिवशी काठी कारभाऱ्याच्या दारात आली. वरात बाहेर, नवरी आत. सगळं गाव एका तोंडाने विचारत होतं. पण इथे नुसतं विचारून भागेना, नाव हवं होतं. काठी हलेना. माजघरात मांडवासाठी टाक्यातून गुपचूप भरून ठेवलेले रांजण आपोआप पाझरू लागले म्हणे, आणि पाणी उंबऱ्याखालून बाहेर आलं. शेवटी हळदीच्या अंगाने नवरीच पुढे झाली.

"हात माझ्या बापाचा."

तिचा पाय उचलला. बापाचा शेवटपर्यंत नाही.

बाकी मुलूख आडकाठी हा शब्द कुठून आला म्हणतो, मला ठाऊक नाही. आमच्याकडे इथून आला. आजही कुणाचं काम मुद्दाम अडलं की हिरडेवाडीत देवाला बोल लावत नाहीत, पहिल्यांदा विचारतात, हात कुणाचा. आजही टाक्यावर जाताना इथे थांबून तेच विचारावं लागतं, आणि गावच्या माणसाला नाव घ्यावं लागतं. मी त्या नवरीच्या वंशातली. नाव आमच्याच घरातलं आहे, म्हणून लपवलं तर काठी हलत नाही.

विचारा आता.

हैबती कारभारी.