दाढीचा धोंडा

वाकेरी गावच्या ओढ्याकाठी, लोहारआळीच्या तोंडाशी एक बसका काळा धोंडा आहे. मध्ये माणूस टेकेल एवढा खळगा, आणि खळग्याच्या एका अंगाला तांबूस डाग. पाव्हण्यांनो, खुशाल बसा. फक्त तुमच्या हाताखाली कुणी काही शिकत असेल, तर आधी विचार करा. डाग दगडाचाच आहे, असं शाळेचे मास्तर म्हणतात. मास्तरांना धड दाढी फुटत नाही, त्यांना काय ठाऊक?

फार मागे इथे सटवाजी लोहार होता म्हणे. त्याची सुरी पाण्यावर तरंगतं पीस कापायची, आणि जीभ सुरीहून धारदार. मुलगा तापात गेला, मागे राहिली सून चंपा. भाता ओढायला हात हवेत, म्हणून म्हाताऱ्याने तिला ठेवून घेतली. ठोकणं, कानस मारणं, मूठ बसवणं, सगळं ती शिकली. राहिलं ते पाणी देणं. तापलेलं पातं कोणत्या रंगाला पाण्यात बुडवायचं, यात सुरीचा जीव असतो. तेवढ्या वेळेपुरतं सटवाजी भट्टीपुढे गोणपाट टांगायचा. रंग गोणपाटाच्या त्या बाजूला, सून या बाजूला भात्याशी.

तिने विचारलं, तर म्हणाला, "पांढरं होऊ दे पोरी, जोंधळ्याच्या पिठासारखं. मग बुडव."

तिने तसंच केलं. पातं पाण्यात ताडकन तडकलं. म्हातारा पोट धरून हसला आणि तापली सांडशी तिच्या मनगटाला टेकवली. "आता ध्यानात राहील!" पुढे तो खेळच झाला. पातं तडकलं, की डाग. तिचा हात कोपरापर्यंत करपल्या भाकरीसारखा झाला. आळीतली माणसं दारात उभी राहून बघायची आणि हसायची. आमच्या गावाला हसायला फार कारण लागत नाही.

पण ठिणग्या उडून उडून गोणपाटाला वाटाण्याएवढं भोक पडलं होतं. भाता ओढता ओढता एकदा चंपाने त्यातून खरा रंग पाहिला. पिकल्या तोंडल्यासारखा लाल. ती भाता ओढत राहिली.

देवीच्या जत्रेत म्हाताऱ्याला आणखी गंमत सुचली. पंचांपुढे म्हणाला, "हिच्या सुरीने माणसाची दाढी झाली, तर भट्टी हिची. नाही झाली, तर नेसत्या लुगड्यानिशी हिने गाव सोडायचं." पंचांनी माना डोलावल्या. त्यांना काय, तमाशा फुकटचा!

ठरल्या दिवशी चंपा ओढ्यावर आली. "दाढी कुणाची करणार?" पंचांनी विचारलं. सगळ्या गावाने गालांवर हात ठेवले.

"मामंजींची," ती म्हणाली. "शिकवण त्यांची, तर गालही त्यांचाच."

लोकांनी हसत हसत म्हाताऱ्याला उचललं आणि धोंड्यावर बसवलं. चंपाने ओच्यातून दोन सुऱ्या काढल्या. "ही तुम्ही सांगितल्या रंगाला बुडवलेली, त्यातल्या त्यात तगलेली. आणि ही मी चोरून पाहिल्या रंगाला. कोणती लावू, मामंजी?"

दुसरी मागावी, तर खोटं शिकवल्याची कबुली. सटवाजीने छाती काढली. "माझी लाव!"

पहिल्याच ओढीला धारेचे टवके उडाले आणि सुरीची करवत झाली. केस जागच्या जागी राहिले, कातडी निघाली. चंपा घाई करीना. त्यानेच शिकवल्याप्रमाणे, कानस ओढावी तशी, हात न उचलता ओढत होती. हसणाऱ्यांचे हात पुन्हा आपापल्या गालांवर गेले.

"थांब!" म्हातारा किंचाळला. "खोटं शिकवलं मी! दुसरी लाव, बये, दुसरी लाव!"

"लावते की," चंपा म्हणाली. "आधी हा गाल पुरा होऊ दे."

तो गाल तिने पुरा केला. मग दुसऱ्या गालावर दुसरी सुरी फिरवली, तेव्हा लोण्यावरून बोट फिरावं तशी ती फिरली, म्हणतात. भट्टी चंपाची झाली. सटवाजी मरेपर्यंत गोणपाटाआड भाता ओढत राहिला. गोणपाटाचं भोक मात्र तिने शिवून टाकलं होतं.

आजही वाकेरीत शिकाऊ लोहाराची पहिली सुरी बाजारात जात नाही. आधी या धोंड्यावर त्या सुरीने वस्तादाची दाढी होते, तीही कोरडी. आणि आजही तो दिवस जवळ आला, की सांगायचं राहून गेलेलं एकेक वस्तादाला भराभर आठवायला लागतं.