सुतावरून दोरी

त्या वारुळात हुकूम एकाच दिशेने चालत. सर्वांत आतल्या खोलीत एक दुपेडी दोरी होती आणि वारुळाने कसे जगायचे ते सारे तिच्या गाठींत होते. म्हाळसा नावाची म्हातारी मुंगी तिची राखण करी. ती मिशांनी गाठी चाचपी, हव्या तेवढ्या भागाबरहुकूम एकपेडी सूत वळी आणि बाहेर धाडी. कामकरी मुंग्या सूत वाचून काम करत. मग सूत विरून जाई. दोरी खोलीबाहेर जात नसे आणि बाहेरचे काही दोरीत येत नसे.

दारावर बायजा होती. वास घेतल्याशिवाय ती कुणाला आत सोडत नसे. एकदा एक किडा आला. शेजारच्या वारुळाच्या भिंतीचा पापुद्रा त्याने अंगाला गुंडाळला होता. ते वारूळ इथल्याच लेकींनी वसवलेले, म्हणून वासही इथलाच.

"घरचाच दिसतोस. ये," बायजा म्हणाली.

थोड्या वेळाने तो पापुद्रा तिला आतल्या वाटेवर पडलेला दिसला. ती धावत पुढे गेली. किडा एका कोपऱ्यात बसून काखेत लपवून आणलेले सूत वाचत होता आणि त्याच्याबरहुकूम दुसरे वळत होता. वाचून झालेला भाग तो लगेच खाऊन टाकी. मग नव्या सुताला जोडीदार वळून त्याने दोन्ही पेड एकत्र पिळले. गाठी चुकत होत्या, पण मागे वळून पाहण्याची त्याला सवय नव्हती.

"हे काय उलटंच? सुतावरून दोरी?" बायजाने विचारले. "आणि ते सूत कुठंय?"

"कुठलं सूत?" तो तोंड पुसत म्हणाला. "दोरीच तर आहे."

बायजा म्हाळसेला शोधत निघाली. म्हातारी कामकरणींना सूत वाटत होती.

"सुतावरून दोरी होत नाही," ती शांतपणे म्हणाली. "आजवर झालेली नाही."

"अगं, मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"मग डोळे तपास."

एवढ्या वेळात किड्याने आतल्या खोलीत शिरून मूळ दोरी एका जागी कापली आणि आपला तुकडा मध्ये सांधला. दोघी पोचल्या तेव्हा दोरी सलग होती. म्हाळसेने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. सांधा लागला नाही.

"काप तो तुकडा," बायजा कळवळून म्हणाली.

"कुठून कापू? दाखव."

बायजाला दाखवता आले नाही.

"दोरीत आहे ते वाचायचं, एवढंच माझं काम," म्हाळसा म्हणाली आणि वाचू लागली.

सूत बाहेर आले. कामकरणी जीव लावून राबल्या. पिल्लांच्या खोलीची माती खरवडून त्यांनी इवल्या कुप्या घडवल्या, त्या किड्याच्यासारखेच जबडे घडवले आणि प्रत्येक कुपीत एकेक सूत ठेवले. त्यांतून किडे निघाले. बाहेर पडताना प्रत्येकाने इथल्याच भिंतीचा पापुद्रा ओढून घेतला. भिंती विरविरीत झाल्या. पिल्ले उघडी पडली.

बायजा दारात आडवी उभी राहिली. तिने पहिल्या किड्याला चावून मारले, दुसऱ्यालाही. गर्दी जमली. मुंग्यांनी मेलेल्यांचा वास घेतला.

"घरच्यांनाच मारतेस?"

"हे घरचे नाहीत गं! पापुद्रा काढून बघा!"

कुणी पापुद्रा काढला नाही. तिचे पाय तोडून तिला दारापासून दूर टाकले. त्यानंतर दारावर उभे राहायला कुणी तयार होईना.

वारूळ खचू लागले तेव्हा पंख फुटलेल्या लेकी निघाल्या. म्हाळसेने प्रत्येकीला दोरीची नक्कल करून दिली. गाठीला गाठ, एकही न चुकवता.

लांबच्या माळावर त्यातल्या एकीने नवे वारूळ वसवले. पिल्लांनी डोळे उघडण्याच्या आधीच तिने त्यांच्या मिशा दोरीवर ठेवल्या. एका जागी त्या अडखळल्या. तिथल्या गाठी वेड्यावाकड्या होत्या, घाईने घातल्यासारख्या.

"इथं हळू," ती मायेने म्हणाली. "ह्या फार जुन्या आहेत. आपल्या आज्यांच्या हातच्या."