हिरवळीला आग्रह

“म्हणजे उपाशीच मारायचं का तिला, बाबा?”

दाजिबा भर उन्हात अंगणात उभा होता. खांद्यावर युरियाचं अर्धं पोतं. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता.

मठाचे रेवणबाबा ओट्यावर बसून चिंच सोलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कुणाला?”

“हिरवळीला.”

“ती म्हणाली तुला, भूक लागलीय म्हणून?”

“म्हणायला कशाला पाहिजे? पिवळी पडलीय. दिसतंय की.”

बाबांनी एक चिंचोका काढून बाजूला ठेवला...

मठ घाटमाथ्यावर होता. समाधीपुढची हिरवळ म्हणजे मठाचं कौतुक. हिमाचलातल्या एका भक्ताने तिचं बी आणून पेरलं होतं. थंडीत वाढणारं गवत ते. पौषात, माघात ते इतकं दाट होई की म्हातारी माणसं चपला काढून त्यावर नुसती उभी राहत. वैशाखात मात्र माथाही तापे, आणि गवत मान टाकी. यंदाचं ऊन तर फारच कडक. सगळी हिरवळ वाळून गवताच्या पेंढीसारखी दिसत होती.

मागच्या पावसाळ्यात दाजिबा मठात आला, तेव्हा बाबांनी ती त्याच्या हाती सोपवली. तोवर त्याच्या हाती कुणी काहीच सोपवलं नव्हतं. घरच्यांनी तर शेळीसुद्धा नाही.

आता समाधीचा उत्सव तोंडावर आला होता. मठाचे विश्वस्त तवटेअण्णा सांगून गेले होते, उत्सवाआधी हिरवं दिसलं नाही, तर सगळं उकरून सिमेंटचे ब्लॉक बसवू. ब्लॉक येऊनही पडले होते. फाटकाशी थप्पी लागली होती. शेवटचं काय ते ठरवायला अण्णा आज संध्याकाळी यायचे होते.

“आज खत टाकलं, तर उत्सवापर्यंत हिरवं होईल,” दाजिबा म्हणाला. “अण्णांना तसं सांगता तरी येईल.”

“नळाजवळच्या कोपऱ्यात टाकलं होतंस ना?”

दाजिबाने पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“टाकलं होतं,” तो हळूच म्हणाला.

“मग?”

“आधी तरारलं. मग... जळालं.”

“का जळालं असेल?”

“कमी पडलं असेल.”

बाबा हसले. “पोतं सावलीत ठेव. पंगत बसायची वेळ झाली.”

मठात वाढण्याचं काम दाजिबाचं होतं. आग्रहात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपल्या पंगतीतून आजवर कुणी अर्धपोटी उठलेलं नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

त्या दिवशी खालच्या वस्तीवरचे गेनूतात्या पंगतीला होते. चढण उन्हात चढून आले होते. तोंड लाल झालं होतं, ओठ सुकले होते. भात त्यांनी नुसता चिवडला.

दाजिबा खिरीचं भांडं घेऊन आला.

“नको रे बाबा,” तात्या म्हणाले. त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

“असं कसं? डावभर.”

“अरे, पाणीसुद्धा उतरत नाही. ऊन लागलंय मला.”

“खाल्ल्याशिवाय अंगात जोर कुठून येणार, तात्या?”

“तू वाढतोस का सूड घेतोस?”

पंगत हसली. दाजिबाही हसला. हसत हसत त्याने तात्यांचा हात अलगद बाजूला केला आणि खीर वाढली. वर तूप सोडलं. मग आणखी एक डाव.

पानात टाकायचं नाही, ही मठाची रीत. तात्यांनी डोळे मिटून सगळं संपवलं.

हात धुवायला उठले आणि भिंतीला धरून खाली बसले. सगळं उलटून पडलं. अंग थरथरू लागलं.

दाजिबा भांडं घेऊन तसाच उभा राहिला.

बाबा आले. तात्यांना धरून त्यांनी पडवीत निजवलं, मानेवर ओलं फडकं ठेवलं. चिंच-गुळाचं पाणी करून त्यात चिमूटभर मीठ घातलं. घोट घोट पाजलं. मग थांबले. बराच वेळ गेल्यावर पुन्हा एक घोट दिला.

दुपार कलायला लागली, तसा तात्यांचा श्वास संथ झाला. त्यांनी एक डोळा उघडला.

“तो खीरवाला गेला का?”

“आहे इथंच,” बाबा म्हणाले.

“मग मी अजून झोपलोय.”

आणि ते खरंच झोपले.

दाजिबा पडवीच्या पायरीवर बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता.

“तात्यांनी हात आडवा धरला होता?” बाबांनी विचारलं.

“धरला होता.”

“मग?”

“मला वाटलं, लाजतायत.”

बाबांनी तात्यांच्या अंगावरची माशी हाकलली.

पडवीतून समोर हिरवळ दिसत होती. पिवळी, गप्प. नळाजवळचा कोपरा तेवढा पांढराफटक पडला होता.

दाजिबा त्या कोपऱ्याकडे बघत राहिला.

“बाबा...”

“हं.”

“तिनंही धरला होता का?”

बाबांनी तात्यांच्या मानेवरचं फडकं उलटं करून ठेवलं.

दाजिबा उठला. पोतं उचलून आतल्या खोलीत ठेवलं आणि कडी लावून आला. मग हिरवळीवर जाऊन गुडघ्यावर बसला. वाळली पाती त्याने दोन्ही हातांनी विंचरल्यासारखी बाजूला केली. खाली, अगदी मातीशी, गवताचा बुडखा दिसला. तो ओलसर होता. पांढरा, आणि जरासा हिरवा.

तो पुढे सरकला. तिथंही तसंच.

तो पळत परत आला. “जिवंत आहे, बाबा! आत जिवंत आहे.”

“हळू. तात्या उठतील.”

“मग तिला काय देऊ?”

“पहाटे पाणी दे. दिलंस की मुळापर्यंत जाऊ दे, पण रोज देऊ नकोस. पाती उंच राहू दे, तेवढीच मातीला सावली. पावसाळा सरला, रात्री गार पडू लागल्या, की ती आपणहून वाढायला लागेल. तेव्हा खत घाल. तेव्हाही थोडंच.”

“आणि तोवर?”

“तोवर पोतं खोलीतच बरं आहे.”

संध्याकाळी तवटेअण्णा आले. धोतराचा सोगा सावरत ते हिरवळीच्या कडेला थांबले.

“काय रे दाजिबा? हिरवळ म्हणायची का वैरण?”

दाजिबाची मान खाली गेली. चार लोकांत त्याला बोलता येत नसे. तो एवढंच म्हणाला, “अण्णा, जरा वाकता का?”

“माझे गुडघे जाब विचारतील ना तुला.”

“विचारू देत.”

अण्णा कण्हत खाली बसले. दाजिबाने पाती बाजूला केली, अण्णांचं बोट धरलं आणि बुडख्याला लावलं.

अण्णांनी बोट डोळ्यांसमोर धरलं. ते ओलं होतं.

“उत्सवापर्यंत हिरवं होईल?”

खोटं बोलायला ती एकच वेळ होती.

“नाही,” दाजिबा म्हणाला. “तोवर नाही व्हायचं. घाई केली तर मरेल. त्या कोपऱ्यात मी केली.”

“मग कधी?”

“रात्री गार पडल्या की. दसऱ्याच्या सुमाराला.”

“आणि उत्सवाला आलेली माणसं? त्यांना काय सांगू? गवत निजलंय म्हणून?”

“माझ्याकडे पाठवा. मी एकेकाला वाकवून दाखवीन.”

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. हे पोरगं एवढं बोलतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा तात्यांना आधार देऊन बसवत होते. तात्यांना भूक लागली होती. ते पेज मागत होते.

अण्णा उठले. धोतर झटकलं. फाटकाशी उभ्या असलेल्या गड्याला त्यांनी हाक मारली.

“ते ब्लॉक गोठ्यापुढं नेऊन टाका रे. तिथं पावसाळ्यात चिखल होतो.”

आणि मागं न बघता ते उतरणीला लागले.

दाजिबा कितीतरी वेळ तिथंच उभा होता. मग तो ओट्यापाशी आला. त्याचे हात मोकळे होते, आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

“बाबा, पहाटे पाणी देईन. पण मग दिवसभर काय करू?”

“बस तिच्याजवळ.”

“नुसता?”

“नुसता.”

“एवढंच?... ते तर कुणालाही जमेल.”

बाबा पेजेची वाटी घेऊन पडवीकडे निघाले होते. ते दारात थांबले.

“तुला जमलं, तर मला शिकव.”