पाणकणसातली शीळ

“म्हणजे यंदाही नाही म्हणता, आबा?”

यशोधनने विचारलं. आबा गोसावी तळ्याकडे बघत राहिले.

बोरखेडीच्या तळ्यावर आबांच्या शब्दाशिवाय कुणी लोकांना पक्षी दाखवायला नेत नसे. कुठे लिहिलेलं नव्हतं, रीतच तशी. त्या शब्दासाठी यशोधन कित्येक हिवाळे त्यांच्यामागे चिखल तुडवत होता. गडी हुशार, नजर तिखट. पण धीर म्हणाल तर नावालाही नाही.

माघ सरत आला होता. पाणी आटून काठ उघडे पडले होते. निम्मी बदकं गेलीसुद्धा.

“माझ्यात कमी काय आहे, ते तरी सांगा.”

“बस जरा.”

“बसूनच तर आहे... तो शंकर पाणकणसात दडून शीळ घालतोय आणि आपण नुसते ऐकतोय.”

शंकर म्हणजे चिमणीएवढा हिवाळी पाहुणा. गळा निळा. आता उत्तरेकडे परतायच्या तयारीत होता.

“खाऊ दे त्याला,” आबा म्हणाले. “लांब जायचंय.”

“आत्ता बाहेर काढून दाखवतो.”

“नको.”

यशोधनने मोबाइल काढलाच. दुसऱ्या शंकराची शीळ त्यात भरून आणली होती. मोबाइल काठावरच्या दगडावर ठेवला आणि शीळ लावून दिली.

आपल्या जागेत दुसरा नर शिरला म्हटल्यावर शंकर कसला आत राहतोय? उघड्या चिखलावर आला. गळा फुगवून त्या दुसऱ्याला शोधू लागला.

“बघा, आबा... बघा.”

यशोधन गळ्यातल्या कॅमेऱ्याने फोटोमागून फोटो काढत होता.

बाभळीवरून शिक्रा सुटला. एकच झडप... चिखलावर चार पिसं राहिली.

मोबाइल शीळ घालतच होता.

यशोधनने कॅमेरा खाली घेतला. वाद घालायची खोड मात्र सुटेना.

“शिक्र्याने मारलं त्याला, आबा. मी नाही. निसर्गच आहे हा... मी नसतो तरी कधीतरी मारलंच असतं.”

आबा उठले. गुडघे धरले होते, वेळ लागला. त्यांनी मोबाइल बंद केला, धोतराला पुसला आणि यशोधनच्या हातात दिला.

“बोला ना काहीतरी. शिव्या द्या हवं तर.”

आबा बाभळीकडे बघत होते. शिक्रा फांदीवर बसून पिसं उपटत होता.

“त्याला तरी भूक लागली होती,” आबा म्हणाले.