पिवळा रेग्युलेटर

“आणि ह्यो पिवळो कोणाचो?” बाबल तांडेलानं विचारलं.

“बुडणाऱ्याचा,” मैथिली म्हणाली.

“नि तोंडातलो?”

“माझा.”

म्हाताऱ्यानं दोन्हींकडे आळीपाळीनं पाहिलं.

होडी खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून उभी होती. मैथिलीच्या पाठीवर हवेची टाकी होती. टाकीच्या माथ्यावरून दोन नळ्या निघत होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला, तोंडात धरून श्वास घ्यायचा एकेक रेग्युलेटर. काळा नवाकोरा होता. परदेशात शिकत असताना रात्रंदिवस बशा विसळून तिनं तो घेतला होता. पिवळा कुणीतरी वापरून काढून टाकलेला, ओढायला जरा जड. तो तिनं बरगडीपाशी चिमट्यात अडकवला होता, समोरच्याला झटकन दिसावा म्हणून.

“जड का ओढता ह्यो?” तांडेलानं पिवळा तोंडाला लावून पाहिला.

“जादाचा आहे हो तो. वर येईपर्यंतचा तर प्रश्न.”

तांडेलाची स्वतःची तऱ्हा वेगळी. त्याची तोंडातली नळी चांगली माणसाच्या उंचीची, छातीवरून मानेमागे वळसा घालून आणलेली. दुसरा रेग्युलेटर सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात ओवून थेट हनुवटीखाली.

“आणि ही गळ्यात माळ कशाला?” मैथिली म्हणाली. “मासे पाया पडतात की काय?”

जनाकाकी खुदकन हसली.

जनाकाकी खाडीत कालवं काढणारी. मैथिलीनं हाताशी धरलेल्या सहा बायांपैकी पहिली. तीन महिने मैथिली त्यांना खाडीच्या उथळ पाण्यात शिकवत होती. बाहेरच्यांनी यावं, आपला समुद्र लोकांना दाखवावा आणि गावच्या बायांनी त्यांना किनाऱ्यावर चहा द्यावा, हे तिला मान्य नव्हतं. त्यासाठीच ती परत आली होती. गावानं हसून घेतलं होतं. तिनं हसू दिलं होतं.

उद्या बाया पहिल्यांदा खाडीबाहेरच्या खडकावर उतरणार होत्या. पण होडी तांडेलाची, आणि चाळीस वर्षं पाण्याखाली काढलेल्या त्या माणसानं मान हलवल्याशिवाय ती हलणार नव्हती.

“माळ माझी,” तांडेल म्हणाला. “चल खाली.”

तळ तीन वाव, म्हणजे तीन माणसांच्या उंचीइतका खोल होता. मैथिली वाळूला पोट लावून पुढे सरकत होती, आज एकही चूक करायची नाही असं ठरवून. तांडेल बाजूनं येत होता.

एकाएकी तो तिच्याकडे वळला. तळवा आडवा करून त्यानं गळ्यावरून फिरवला. हवा संपली.

ही खूण तिला झोपेतही कळली असती. तिचा हात बरगडीकडे गेला...

तेवढ्यात तांडेलानं तिच्या तोंडातला काळा रेग्युलेटर उपसला आणि आपल्या तोंडात घातला.

आखूड नळीनं दोघांना जवळ खेचलं. डोळ्यांवरच्या काचा एकमेकींवर आपटल्या. काचेपलीकडे म्हाताऱ्याचे डोळे अगदी स्वस्थ होते.

बरगडीशी पिवळा नव्हता. चिमटा कधीच सुटला होता आणि तो मागं वाळूतून फरफटत येत होता. तिनं चाचपडत नळी ओढली, पिवळा तोंडात घातला, श्वास घेतला. अर्धी हवा, अर्धं पाणी. दाताखाली रेती. दुसरा श्वास त्याहून जड...

तिनं श्वास सोडत पाय मारले. तिच्याच नळीला लटकलेला तांडेल नाकाला नाक लावून वर आला.

“ह्यां काय केल्यात तुमी?” ती खोकत ओरडली. परत आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडून गावची बोली निघाली. “पिवळो घेवचो होतो!”

“खयचो?”

“पिवळो! तुमच्यासाठीच होतो तो!”

“बुडणाऱ्याक काय ठावक?”

“मी शिकवलंय सगळ्यांना. हवा संपली की पिवळा घ्यायचा.”

“हवा संपल्यार रंग दिसता?”

“मग काय दिसतं?”

“बुडबुडे,” तांडेल म्हणाला. “ते तुझ्या तोंडाकडे होते.”

ती आणखीच चिडली.

होडीत चढून तिनं टाकी आपटलीच. “चार वर्षं शिकलेय मी. जगभर लोक असेच उतरतात.”

“उतरूंदेत.”

“तुम्हाला मुळात बायांना नेऊच द्यायचं नाही. सरळ सांगा ना!”

“मी नको म्हटलंय?”

“मग देणार होडी?”

“जनाक इचार.”

दोघांनी वळून पाहिलं. जनाकाकीनं टाकीजवळ पडलेला पिवळा उचलला होता. तिनं तो उलटा करून झटकला. चिमूटभर रेती फळीवर पडली. लुगड्याच्या पदरानं तिनं तो पुसला, तोंडात धरला, गाल आत जाईपर्यंत ओढला आणि बाहेर काढला.

“माझी हवा संपली तर ह्यो माझो, न्हय गो?” तिनं साधेपणानं विचारलं.



मैथिलीनं पिशवीतून पाना काढला. मान खाली घालून ती नळ्या सोडवू लागली.

“तुमचं ऐकतेय म्हणून नाही,” ती मान वर न करता म्हणाली. “माझी नळी आखूड होती, म्हणून. लांब आहे का तुमच्याकडे?”

“आसा.”

तांडेलानं फळीखालून एक लांब नळी काढून दिली. तिनं काळा रेग्युलेटर त्या नळीला जोडला. हा आता तिच्या तोंडात राहणार होता आणि कुणी मागितला तर हाच जाणार होता. मग तिनं पिवळा उचलला. तांडेलानं न मागता ट्यूबचा तुकडा पुढं केला. तिनं तो हिसकावूनच घेतला, त्यात पिवळा ओवला आणि गळ्यात घातला.

“आता मासे तुझ्या पण पाया पडतले,” जनाकाकी म्हणाली. “फाल्यां खडकार पयली मी उतारतलंय हां. आधीच सांगून ठेवतंय.”

मैथिली हसली नाही. तिनं हनुवटीखालचा पिवळा तोंडात धरून श्वास ओढला. जड. आणखी एकदा ओढला.

तांडेल उठला आणि नांगराचा दोर ओढू लागला.

“थांबा,” ती म्हणाली. आवाजातली धार अजून गेली नव्हती. “तुमचंच खरं धरू. चांगला मी देऊन टाकला. आणि हा गळ्यातला ऐन वेळी चाललाच नाही, तर?”

दोर हातात तसाच धरून तांडेल वळला.

“मगे तुका कळात,” तो म्हणाला, “तू जनाक काय देऊक निघाल्लंस ता.”